मणी आणि मसी

पेनसिल्व्हेनिया वसाहतीतील लँकेस्टर गावच्या न्यायकचेरीत २६ जून १७४४ रोजी दुपारी ओनोंडागा जमातीचा एक सरदार बोलावयास उभा राहिला. कानासाटेगो हे त्याचे नाव. वय साठीच्या घरातले, बांधा उंच, छाती भरदार आणि चेहऱ्यावर मर्दानी पण प्रसन्न हास्य. मेरीलंडच्या वकिलांबरोबर चिटणीस म्हणून आलेल्या विटम मार्श ह्याने आपल्या रोजनिशीत त्याचे असे वर्णन करून ठेवले आहे. समोर तीन ब्रिटिश वसाहतींचे प्रतिनिधी बसले होते, आणि त्यांच्या पुढ्यातील मेजावर कारकुनांच्या लेखण्या भराभर चालत होत्या. कानासाटेगोने त्या मेजाकडे बोट दाखविले आणि तो म्हणाला की, इंग्रज ह्या देशात आल्यापासून आमच्या लोकांना ज्या नाना अडचणी सोसाव्या लागल्या, त्यांपैकी कित्येकांचे मूळ त्या मेजावर चाललेल्या लेखणी-दौतीच्या कामात आहे. ह्याचा दाखला म्हणून त्याने एक जुनी हकीकत सांगितली. आपल्या जमिनीवर परक्यांचा डोळा आहे असे दिसताच इरोक्वॉय लोकांनी, म्हणजे ओनोंडागा ज्या संघात मोडत त्या जमातींनी, न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या गव्हर्नरास सल्ला विचारला. सस्क्वेहाना नदीकाठचा मुलूख माझ्या हवाली करा, मी तो सांभाळतो, असे त्याने सांगितले. विश्वासाने त्यांनी तसे लिहून दिले. आणि ते कागद घेऊन तो इंग्लंडास गेला व तेथे त्याने तो मुलूख विल्यम पेनला परभारे विकून टाकला. ठेव म्हणून दिलेली वस्तू कागदावर विक्रीची वस्तू कशी बनते, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांनी एकदा पुरते अनुभवले होते.

आणि तरीही त्याच कचेरीत, पुढच्या आठ-दहा दिवसांच्या आत, त्यांनी पुन्हा दोन खरीदीखतांवर आपल्या निशाण्या केल्या. ते असे का घडले, ह्याचा विचार करू लागले म्हणजे लँकेस्टरचा तह ही केवळ अमेरिकेच्या इतिहासातील एक तारीख राहत नाही. वचन म्हणजे काय, ते कशात राहते आणि कशामुळे टिकते, ह्या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे मनात बाळगणारे दोन समाज तेथे समोरासमोर बसले होते. त्यांपैकी एकाने दुसऱ्याची भाषा उत्तम शिकून घेतली होती, आणि ती त्याने कोणत्या कामी लावली हे पाहण्यासारखे आहे.

‘इरोक्वॉय’ हे नाव इतरांनी दिलेले. ते लोक स्वतःस होदेनोशोनी, म्हणजे लांब घरात राहणारे, असे म्हणवीत. एका लांबच लांब छपराखाली एका आईच्या वंशातील अनेक कुटुंबे राहावीत आणि प्रत्येकाची चूल निराळी पण घर एकच असावे, ही त्यांची वस्तीची रीत होती, आणि तीच त्यांच्या राज्यव्यवस्थेची उपमा झाली. आजच्या न्यूयॉर्क राज्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा आणि सेनेका ह्या पाच जमाती ओळीने नांदत; मोहॉक हे पूर्वद्वाराचे रक्षक, सेनेका हे पश्चिमद्वाराचे, आणि मध्यभागी ओनोंडागांकडे सर्वांच्या सामाईक अग्नीची राखण. आपसांतील सूडचक्राने हैराण झालेल्या ह्या जमातींना एका शांतिदूताने आणि हायावाथा नामक पुरुषाने एकत्र आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. १७२२ च्या सुमारास दक्षिणेकडून आलेल्या टस्करोरांना त्यांनी आपल्यात घेतले आणि इंग्रज त्यांना ‘सहा राष्ट्रे’ म्हणू लागले. ह्या संघाच्या महासभेत पन्नास सरदार बसत. त्यांची निवड कुळातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत, आणि कर्तव्यास चुकलेल्या सरदाराचे पद काढून घेण्याचा अधिकारही त्यांचाच होता. सरदार मरण पावला तरी त्याचे नाव मरत नसे. ते विधिपूर्वक पुढच्या माणसाच्या अंगावर चढे, आणि जणू तोच पुरुष पुन्हा उठून सभेत बसे.

हीच रीत त्यांनी युरोपीय अधिकाऱ्यांनाही लावली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरास ते ‘ओनास’ म्हणत. ओनास म्हणजे पीस, पिसाची लेखणी. वसाहतीचा संस्थापक पेन ह्याच्या आडनावाचा अर्थ त्यांनी असा आपल्या भाषेत उतरविला, आणि पुढे त्या जागी जो कोणी आला तो त्यांच्या लेखी ओनासच राहिला. फ्रेंच कॅनडाचा गव्हर्नर हा ‘ओनोंतियो’, म्हणजे महापर्वत. माँमाग्नी ह्या एका जुन्या गव्हर्नराच्या नावाचा तो अनुवाद. न्यूयॉर्कचा गव्हर्नर ‘कोर्लेर’, कारण आरेंट व्हान कुर्लेर नावाच्या एका डच गृहस्थाने त्यांच्याशी स्नेह जोडला होता. व्हर्जिनियाचा ‘असारिगोआ’, म्हणजे मोठा सुरा. मेरीलंडच्या गव्हर्नरास अद्याप असे नाव नव्हते. ते लँकेस्टर येथेच समारंभपूर्वक दिले गेले. ह्या नामकरणात कौतुकापेक्षा राजनीती अधिक आहे. गव्हर्नर बदलतील, मरतील, विलायतेस परत जातील. पण ओनासने दिलेला शब्द ओनासलाच पाळावा लागेल, मी नवा आहे ही सबब त्याला चालणार नाही, असा बंदोबस्त त्या नावांत होता.

ह्या लोकांचे दप्तर मण्यांचे होते. अटलांटिकच्या किनाऱ्यावरील शंखांच्या गाभ्यातून पांढरे आणि एका जाड शिंपल्याच्या कडेतून जांभळे असे बारीक नळीसारखे मणी घासून काढीत. त्यांच्या माळा ओवीत किंवा रुंद पट्टे विणीत. त्यांना वॅम्पम म्हणतात. युरोपीय व्यापाऱ्यांनी काही काळ त्यांचे नाणे केले, म्हणून कित्येक ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘पैसा’ असा होतो. परंतु होदेनोशोनींच्या सभेत त्यांचे काम फार वेगळे होते. सभेत मांडलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्याबरोबर एक माळ किंवा एक पट्टा पुढे ठेवला जाई; पट्ट्यावाचून उच्चारलेला शब्द म्हणजे वाऱ्यावरची बात. समोरच्याने पट्टा स्वीकारला तर त्याने तो मुद्दा विचारासाठी घेतला असे ठरे. नाकारला तर बोलणे तेथेच खुंटले. पांढरा रंग शांततेचा, जांभळा गांभीर्याचा, आणि तांबडा रंग फासलेला पट्टा युद्धाचा. हे पट्टे ओनोंडागा येथे जपून ठेवीत, आणि ठरावीक काळाने ते बाहेर काढून जाणती माणसे तरुणांसमोर त्यांतील एकेक वचन उच्चारून दाखवीत. कागद पेटीत पडून राहिला तरी त्याचा अंमल चालतो. पट्टा मात्र कोणीतरी वाचून दाखविला नाही तर मुका होतो. म्हणून त्यांच्या दृष्टीने तह ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नसून पुनःपुन्हा भेटून ताजी करण्याची गोष्ट होती.

ह्यासाठी त्यांनी वापरलेली उपमा साखळीची आहे, आणि तिचा इतिहास कानासाटेगोने त्याच सभेत सांगितला. पहिले डच जहाज किनाऱ्यास लागले तेव्हा त्यातून आलेल्या कुऱ्हाडी, सुऱ्या व बंदुका आमच्या लोकांना इतक्या आवडल्या की, ते जहाज वाहून जाऊ नये म्हणून आम्ही ते दोरीने किनाऱ्यावरच्या झुडपांना बांधले. झुडपे तकलादू म्हणून मग झाडांना बांधले. झाडे वाऱ्याने पडतील म्हणून ओनायडांच्या मुलखातील प्रचंड खडकास, आणि शेवटी ओनोंडागाच्या डोंगरास बांधून त्याभोवती वॅम्पम गुंडाळले. पुढे इंग्रज आले. त्यांनी त्या दोरीच्या जागी रुप्याची साखळी केली, कारण रुपे तुटत नाही आणि गंजतही नाही. न्यूयॉर्कचा गव्हर्नर एडमंड अँड्रॉस ह्याने १६७७ च्या सुमारास ह्या संबंधाला जे रूप दिले, ते पुढे शंभर वर्षे ‘कराराची साखळी’ ह्या नावाने चालले. मात्र रुप्यालाही काळिमा चढतो, ते घासून लख्ख करावे लागते. आणि दर भेटीत नजराणे, भोजन, शोकनिवृत्तीचे विधी व लांबलांब भाषणे ह्यांनी जे घडत असे, ते हे साखळी उजळण्याचेच काम होते.

ब्रिटिशांनी ही सारी भाषा आत्मसात केली होती. सभेच्या आरंभी डोळ्यांतील आसवे पुसावीत, कानांतील धूळ झाडावी, कंठ मोकळा करावा, म्हणजे शोकाने बधिर झालेली माणसे पाहावयास, ऐकावयास आणि बोलावयास समर्थ होतात, हा होदेनोशोनींचा विधी; गव्हर्नर तो बिनचूक पाळीत. कुऱ्हाड पुरणे, वाट साफ करणे, अग्नी चेतविणे हे वाक्प्रचार लंडनला पाठविलेल्या इंग्रजी अहवालांतही जसेच्या तसे आढळतात. मुद्दा ऐकल्याबरोबर उत्तर देणे हे उतावळेपणाचे लक्षण. आधी आपापसांत खलबत करावयाचे, मग समोरच्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत परत उच्चारून, बरोबर ऐकले ना अशी खातरजमा करून, नंतर उत्तर द्यावयाचे, हा शिरस्ताही त्यांनी मानला. पट्टा स्वीकारताना सर्व सरदार एका स्वरात ‘यो-हा’ असा हुंकार देत. चिटणिसांनी त्याची नोंद इमानाने कागदावर केली आहे.

दोन्ही बाजूंना जोडणारा माणूस होता कॉनराड वायझर. जर्मनीत १६९६ साली जन्मलेला आणि १७१० मध्ये निर्वासित कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आलेला हा मुलगा किशोरवयात एक हिवाळा मोहॉकांच्या वस्तीत त्यांची भाषा शिकण्यासाठी राहिला. त्या हिवाळ्यातील भूक आणि थंडी सोसून त्याने जे मिळविले, त्यावर पुढे पेनसिल्व्हेनियाचे सारे परराष्ट्रकारण उभे राहिले. लँकेस्टर येथे इरोक्वॉयांचा तळ पडला तेव्हा तो पाहावयास निघालेल्या वकिलांना वायझरने बजावले की, त्यांच्या पेहरावावर किंवा वागण्यावर हसू नका, काही बोलूही नका. त्यांच्यापैकी पुष्कळांना इंग्रजी समजते, जरी ते बोलत नाहीत. इतक्या जाणत्या दुभाष्याच्या मुखातून ती सगळी भाषणे गेली, हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण जे घडले त्याचा दोष गैरसमजावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

आता सभेचे कारण. व्हर्जिनियाचा गव्हर्नर स्पॉट्सवुड ह्याने १७२२ मध्ये ऑल्बनी येथे इरोक्वॉयांशी तह करून पोटोमॅक नदी आणि ब्लू रिज डोंगर ही हद्द ठरविली होती: अलीकडे इंग्रज, पलीकडे इरोक्वॉय व त्यांचे आश्रित. पण इंग्रजांनीच ती हद्द ओलांडून शेनान्डोआच्या सुपीक खोऱ्यात वस्ती केली. दक्षिणेकडील कटॉबा जमातीवर स्वारीस जाण्याची इरोक्वॉय वीरांची वाट त्याच खोऱ्यातून होती. डिसेंबर १७४२ मध्ये अशा एका तुकडीची आणि वसाहतीच्या लोकांची चकमक झाली, आणि कॅप्टन जॉन मॅकडॉवेल इतर काही जणांसह ठार झाला. युद्ध पेटणार अशी चिन्हे दिसू लागताच पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉर्ज थॉमस मध्यस्थ म्हणून पुढे आला. त्याने वायझरला १७४३ च्या उन्हाळ्यात ओनोंडागाला धाडून प्रकरण निवविले आणि पुढच्या वर्षी सर्वांना लँकेस्टरला बोलावले.

थॉमस हा वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटाचा. पेन घराण्याच्या वतीने तो कारभार पाही. त्याच्या मध्यस्थीमागे निव्वळ परोपकार नव्हता. फ्रान्सने मार्च १७४४ मध्ये ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले होते. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात शस्त्र न धरणाऱ्या क्वेकरपंथीयांचे प्राबल्य असल्याने वसाहतीला स्वतःची नियमित फौज नव्हती. आणि उत्तरेकडून फ्रेंच उतरले तर मध्ये उभी राहणारी एकमेव भिंत म्हणजे इरोक्वॉयांचा स्नेह. तो स्नेह राखणे ही त्याची गरज होती. उलट, फ्रेंच व इंग्रज ह्यांच्या भांडणात कोणाच्याही बाजूने न उतरता दोघांकडूनही मान घेणे, हे इरोक्वॉयांचे १७०१ पासूनचे धोरण होते. लँकेस्टरला त्यांनी एवढे वचन दिले की, फ्रेंचांना आपल्या मुलखातून इंग्रजांवर चालून जाऊ देणार नाही.

२२ जून रोजी अडीचशेच्या आसपास माणसे, बायकामुलांसह, कानासाटेगोच्या मागून शिस्तीने गावात आली. मोहॉक आले नव्हते. बाकीच्या पाच राष्ट्रांचे सरदार होते. गावाबाहेर त्यांनी फांद्यांचे आणि फळ्यांचे मांडव घातले. २५ तारखेस बोलणी सुरू झाली.

वादाचा गाभा हक्काचा होता. मेरीलंडच्या वकिलांनी सांगितले की, हा प्रांत शंभराहून अधिक वर्षे आमच्या बिनतक्रार वहिवाटीत आहे. कानासाटेगोने विचारले की, आमचा हक्क जेव्हापासून आहे त्या काळापुढे शंभर वर्षांची काय मातब्बरी? तुमचे पूर्वज समुद्रापलीकडे जन्मले, तेथील जमिनीवर तुमचा हक्क असेल; आमचे पूर्वज ह्याच भूमीतून वर आले आहेत. व्हर्जिनियाला उत्तर टाकानूंटिया ह्या ओनोंडागा वक्त्याने दिले: सस्क्वेहाना, पोटोमॅक आणि त्या मोठ्या डोंगरामागील जमाती आम्ही जिंकल्या, म्हणून त्यांचा मुलूख आमचा. ह्या युक्तिवादात एक कठोर सत्य दडले आहे, आणि इरोक्वॉयांविषयी कितीही आदर असला तरी ते झाकता येत नाही. ते ज्या जमिनींचा सौदा करीत होते, त्यांतील बऱ्याच जमिनींवर ते स्वतः राहत नव्हते. तेथे दुसऱ्या, दुबळ्या जमाती राहत होत्या किंवा शिकार करीत होत्या. दोनच वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या सभेत ह्याच कानासाटेगोने, ह्याच गव्हर्नर थॉमससमोर, डेलावेअर लोकांना भर सभेत अपमानित करून त्यांच्या पूर्वजांच्या भूमीवरून हुसकले होते. ती भूमी पेनच्या वारसांनी १७३७ मध्ये एका जुन्या दस्तऐवजाच्या आधारे घेतली होती. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन असा त्यात मजकूर आहे असे म्हणून त्यांनी आधी वाट साफ करवून पट्टीचे चालणारे निवडले, आणि ते साठ मैलांहून अधिक अंतर गेले. त्या कपटाला कानासाटेगोने आपल्या संघाचा शिक्का दिला. ज्या कागदाबद्दल तो १७४४ मध्ये तक्रार करीत होता, त्याच जातीच्या कागदाने १७४२ मध्ये दुसऱ्याचे घर बुडाले होते.

मोबदल्याची बोलणी बारकाईने झाली. मेरीलंडने तीनशे पौंड देऊ केले. त्यांपैकी सुमारे २२० पौंडांचा माल आणि बाकी सोने. कापड, सदरे, बंदुका, गारगोट्या, शिसे, बंदुकीची दारू, हिंगूळ असे जिन्नस सरदारांनी एकेक हाताळून, भावांवर हरकत घेऊन स्वीकारले. व्हर्जिनियाने दोनशे पौंडांचा माल आणि दोनशे पौंड सोने दिले. शिवाय वसाहत आणखी पश्चिमेकडे सरकली तर राजाने अधिक विचार करावा, ही इरोक्वॉयांची मागणी वकिलांनी लेखी मान्य केली. ह्यावरून दिसते की, ते व्यवहारास कच्चे नव्हते. जमीन चिरकाल टिकते आणि तिच्या बदल्यात मिळालेला माल थोडक्याच दिवसांत झिजून जातो, हे त्यांनी १७४२ मध्येच गव्हर्नरास स्पष्ट ऐकविले होते.

बोलण्यांच्या ओघात व्हर्जिनियाच्या वकिलांनी सुचविले की, तुमची काही मुले आमच्याकडे पाठवा. विल्यम्सबर्गच्या विद्यालयात आम्ही त्यांना इंग्रजी विद्या शिकवू. कानासाटेगोने आभार मानले, आणि आमचे मुलांवर एवढे प्रेम आहे की त्यांना इतके दूर धाडवत नाही, असे सांगून ही देणगी सौजन्याने परत केली. बेंजामिन फ्रँकलिनने पुढे १७८४ मध्ये हा प्रसंग आपल्या एका निबंधात फुलवून सांगितला. त्या कथेत इरोक्वॉय उलट म्हणतात की, तुमचीच बारा मुले आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना माणसे करून देऊ. मूळ टिपणात हा उत्तरार्ध नाही. तेथे फक्त एका बापाचे साधे उत्तर आहे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

२ जुलै रोजी व्हर्जिनियाच्या हक्कसोडपत्रावर निशाण्या झाल्या. इरोक्वॉयांची समजूत अशी होती की, ज्या शेनान्डोआ खोऱ्यासाठी एवढी भांडणे झाली तेवढे आपण सोडून दिले. खताचा मजकूर निराळा होता. त्यात लिहिले होते की, व्हर्जिनिया वसाहतीच्या आज असलेल्या, तसेच यापुढे राजा ठरवील त्या हद्दीतील सर्व भूमीवर ब्रिटनच्या राजाचा हक्क सहा राष्ट्रे मान्य करीत आहेत. आणि व्हर्जिनियाची हद्द कोणती? १६०९ च्या राजसनदेप्रमाणे ती पश्चिमेस व वायव्येस, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत. म्हणजे लँकेस्टरच्या त्या मेजावर ओहायो नदीचे सारे खोरे, आणि त्यापलीकडचाही अपार प्रदेश, चारशे पौंडांत कागदावर चढला. आठवडाभर पट्ट्यामागून पट्टा देऊन जे जे बोलले गेले, त्यात हे कोठे सांगितले गेले नाही. पट्ट्यावर जे आले नाही, ते होदेनोशोनींच्या नियमाप्रमाणे बोललेच गेले नव्हते. कागदावर जे आले, ते इंग्रजांच्या नियमाप्रमाणे कायमचे बोलले गेले होते.

व्हर्जिनियाच्या दोन वकिलांपैकी एक होता टॉमस ली. ओहायोच्या जमिनींवर वसाहत करण्यासाठी पुढे १७४७ मध्ये जी ओहायो कंपनी निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच टॉमस ली. आणि १७४९ मध्ये राजाच्या आज्ञेने त्या कंपनीला दोन लाख एकर जमीन देण्याचे ठरले. खत कोणी लिहून घेतले आणि ते कोणाच्या कामी आले, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा कोठे शोधावयाचा? १७५२ मध्ये ओहायोकाठच्या लॉग्सटाउन येथे व्हर्जिनियाचे वकील ते खत घेऊन उभे राहिले, तेव्हा तेथील इरोक्वॉय प्रमुख टानाग्रिसन ह्याच्या पक्षाने सांगितले की, लँकेस्टरला विकलेली जमीन अ‍ॅलेघेनी डोंगराच्या पलीकडे मावळतीकडे पसरते, हे आम्हांला काल तुम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. मग दुभाष्या अँड्र्यू माँटूर त्यांना एकांतात घेऊन गेला, आणि काही वेळाने त्यांनी त्या खतास संमती दिली. त्याच भूमीवर फ्रेंचांचाही दावा होता. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाच्या गव्हर्नराचा निरोप घेऊन जॉर्ज वॉशिंग्टन नावाचा तरुण अधिकारी फ्रेंचांकडे गेला. १७५४ मध्ये तेथे गोळी सुटली. आणि दोन वर्षांत ते युद्ध युरोप आणि हिंदुस्थानापर्यंत पोहोचले. मद्रास, पाँडिचेरी आणि बंगाल ह्यांच्या इतिहासात सप्तवार्षिक युद्धाचा जो अध्याय येतो, त्याची एक ठिणगी लँकेस्टरच्या खतातील त्या एका वाक्याच्या पोटी पडलेली होती.

ह्या सभेचे आणखी एक फळ सांगितले पाहिजे. ४ जुलै रोजी निरोपाच्या भाषणात कानासाटेगोने इंग्रजांना उपदेश केला: आमच्या शहाण्या पूर्वजांनी पाच राष्ट्रांत एकी घडविली, त्यामुळे आम्हांला बळ आले, तुम्हीही तसेच करा, आपसांत कधी फुटू नका. तीन वसाहतींचे वकील एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहत बसलेले त्याने दहा दिवस पाहिले होते, म्हणून हा सल्ला. फिलाडेल्फियाचा मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन ह्याने त्याच वर्षी ह्या तहाचे वृत्त छापून प्रसिद्ध केले. १७३६ ते १७६२ ह्या काळात त्याने अशी तेरा तहवृत्ते छापली. १७५१ च्या एका पत्रात त्याने सहा राष्ट्रांच्या ऐक्याचा दाखला देऊन इंग्रज वसाहतींच्या दुहीबद्दल खेद व्यक्त केला, आणि १७५४ मध्ये ऑल्बनीच्या परिषदेत वसाहतींच्या संघाची योजना मांडली. ह्यावरून अमेरिकेची राज्यघटनाच इरोक्वॉयांकडून उचलली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि जाणकारांत त्यावर मतभेद आहेत. परंतु ज्यांना तो रानटी म्हणत असे, त्यांच्या संघाचे उदाहरण फ्रँकलिनसमोर होते आणि त्यांच्या वक्त्याचा उपदेश त्याच्या स्वतःच्या छापखान्यात जुळला होता, एवढे निर्विवाद आहे.

पुढची कथा दुःखाची आहे. १७५३ मध्ये मोहॉकांचा प्रमुख हेंड्रिक न्यूयॉर्कच्या गव्हर्नरास भेटला आणि कराराची साखळी तुटली असे सांगून चालता झाला. ती कशीबशी सांधली गेली. पण १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉयांनी ओहायोच्या दक्षिणेचा प्रचंड प्रदेश, जेथे शॉनी व चेरोकी शिकार करीत, तो दहा हजार पौंडांहून थोड्या अधिक मोबदल्यात सोडून दिला. वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धात संघ दुभंगला, आणि १७७९ मध्ये जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची चाळीसएक गावे, उभी पिके व फळबागा जाळून टाकल्या. ज्या समाजाला एकीचा उपदेश केला, त्याच्याच हातून उपदेशकाचे लांब घर भस्म झाले.

तेव्हा दोष कशाचा? अक्षराचा नव्हे. लेखन ही माणसाने मिळविलेली थोर शक्ती आहे, आणि लँकेस्टरच्या सभेची एकूण एक हकीकत आज आपल्याला कळते ती त्या मेजावरील कारकुनांच्या लेखणीमुळेच. अज्ञानाचाही दोष नव्हे. गव्हर्नर थॉमस आणि त्याचा दुभाष्या ह्यांना मण्यांची भाषा पुरती अवगत होती. माझ्या मते दोष असा की, एका पक्षाने दुसऱ्याचे विधी पाळले, त्याची उपमा उच्चारली, त्याचा पट्टा दोन्ही हातांनी स्वीकारला, आणि त्या सर्व सौजन्याच्या आडोशाने त्याला न उमगणारे एक वाक्य कागदात ठेवले. शत्रूने शत्रूला फसविणे हे इतिहासात नित्याचे आहे. परंतु स्नेहाची भाषा स्नेह नसताना वापरली म्हणजे ती भाषाच बाटते, आणि पुढे कोणी ती मनापासून बोलला तरी विश्वास बसत नाही.

मात्र मण्यांची ती भाषा मेली नाही. अमेरिकेच्या संघराज्याने ११ नोव्हेंबर १७९४ रोजी कॅननडेग्वा येथे सहा राष्ट्रांशी केलेल्या तहात दरवर्षी साडेचार हजार डॉलरांचा माल कायम देण्याचे कलम आहे. ती रक्कम तेव्हापासून वाढलेली नाही, आणि तिच्यात येणारे सुती कापड वर्षागणिक कमी होत गेले आहे. होदेनोशोनींनी ते नाकारलेले नाही. ते कापड अजूनही त्यांच्याकडे जाते, आणि दर ११ नोव्हेंबरला ते त्या गावी जमून तहाची वचने पुन्हा मोठ्याने उच्चारतात.